राक्षसभुवन, लोणार आणि डोव्रे : एक टिपण

गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन हे गाव आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी येथे माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. इतिहासग्रंथांना या नावाची ओळख ती एवढीच. नावातील राक्षस अर्थातच लढाईहून जुना.

नॉर्वेतही कित्येक डोंगरांची नावे ‘ट्रोल’ या लोककथेतील राक्षसावरून पडली आहेत. तेथे मात्र त्याच्यावर महाकाय प्राण्यांचे चित्रपट निघाले: आन्द्रे ओव्रेदाल यांचा ‘ट्रोलयेगेरेन’, म्हणजे ट्रोलांचा शिकारी (२०१०), आणि रोआर उथाउग यांचा ‘ट्रोल’ (२०२२). दुसऱ्यात डोव्रे पर्वतात बोगद्यासाठी सुरुंग उडताच ट्रोल जागा होतो. इब्सेनच्या ‘पेअर गिंट’ (१८६७) या नाटकातील ट्रोलराजाही याच डोव्रेचा.

आपल्याकडे असे का घडले नाही, याचे कारण राक्षसाच्या आकारात नव्हे, तर कथेच्या शेवटात शोधावे लागते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेले. दंतकथेत मात्र ते लवणासुराचे विवर होय. त्याला विष्णूने मारले, आणि गावातील मंदिराचे नावच दैत्यसूदन. अशा रीतीने मारलेला दैत्य (रक्तबीजाची गोष्ट वेगळी) कथेतून कायमचा जातो. ट्रोल उन्हाने दगड होतो. दगड जागा होऊ शकतो.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाला हे मर्म सापडलेले दिसते. त्यातील हस्तर डोंगराएवढा नाही. परंतु तो मेलेला नाही, देवीच्या उदरात निजलेला आहे. त्यासाठी पुराणांतील दैत्य सोडून नवाच रचावा लागला.