आई मेली, सर!

शाळा बुडवल्यावर दुसऱ्या दिवशी सांगायला कारण लागतं. पोटदुखी, पाहुणे, आजी गेली (हिला आपण दहावीपर्यंत किमान तीनदा मारलेली असते). १९५९ सालच्या एका फ्रेंच सिनेमातला आंत्वान नावाचा मुलगा या सगळ्यांच्या पुढे जातो. मास्तर खनपटीला बसतात तेव्हा तो एकदम म्हणतो, आई मेली. मास्तर विरघळतात. आणि थोड्याच वेळात वर्गाच्या दाराशी आई हजर.

सिनेमाचं नाव ‘ले कात्र सां कू’. इंग्रजीत त्याचं ‘४०० ब्लोज’ झालं आणि घोळ झाला, कारण फटक्यांशी याचा काही संबंध नाही. उनाडक्या करणं, धुमाकूळ घालणं असा तो फ्रेंच वाक्प्रचार आहे. दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो तेव्हा २७ वर्षांचा होता. त्याआधी तो समीक्षक होता, आणि इतका जहाल की १९५८ साली कानच्या महोत्सवाने त्याला पत्रकार म्हणून बोलावलंच नाही. पुढच्याच वर्षी तिथेच त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. ही गोष्ट सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्या थापेची गोष्ट.

कारण लहानपणी त्रुफोने खरोखरच थाप मारली होती, पण वेगळी. तेव्हा पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं. त्याने मास्तरांना सांगितलं, माझ्या वडिलांना जर्मनांनी पकडून नेलं. त्या काळात हे कुणालाही पटण्यासारखं होतं. माणसं खरंच उचलली जात होती.

सिनेमा घडतो तो मात्र १९५० नंतरच्या पॅरिसमध्ये. जर्मन गेलेले, त्यामुळे ती थाप चालेना. मग वडिलांच्या जागी आई आली, आणि अटकेच्या जागी मरण. काळ बदलला म्हणून केलेला हा साधा बदल वाटतो. पण आईवरचा सगळा राग त्यात उतरला असावा असं मला वाटतं.

घर खरंच तसं होतं. पिगालजवळ छोटासा फ्लॅट, तरुण आई, आणि वडील म्हणजे सावत्र वडील, ज्यांनी मुलाला आपलं आडनाव दिलं. हे वडील आपले नाहीत, हे मुलाला कुणी सांगितलं नाही. घरातले कागद चाळताना त्याला ते कळलं. सावत्र वडिलांना गिर्यारोहणाचं वेड होतं. सिनेमात त्याचं मोटारींच्या शर्यतींचं वेड केलं, म्हणजे ओळख लपावी. ती अर्थातच लपली नाही.

मुलगा मागच्या दाराने थिएटरात घुसून सिनेमे बघत वाढला. १९४८ साली त्याने स्वतःचा फिल्म क्लब काढला, तो कर्जात बुडाला, आणि सावत्र वडिलांनी त्याला पोलिसांच्या हवाली केलं. तिथून बालसुधारगृह. पुढे त्याला सावरलं ते आंद्रे बाझँ या समीक्षकाने. ‘ले कात्र सां कू’चं चित्रीकरण सुरू झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाझँ वारला. सिनेमा त्यालाच अर्पण केलेला आहे.

जून १९५९ मध्ये सिनेमा पॅरिसच्या थिएटरांत लागला. विचार करा, तुमच्या घरातली भांडणं, आईचं बाहेरचं प्रकरण, पोराला चौकीत सोडून येणं, हे सगळं तुमच्याच गावातल्या पडद्यावर, आणि शेजारी तिकीट काढून बघतायत. आईवडील फार दुखावले. हे आत्मचरित्र नाही, असं त्रुफो जाहीरपणे म्हणत राहिला. मला तो इथे थोडा पळपुटा वाटतो.

तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने. सिनेमात हे कुटुंब एकदाच मनापासून हसतं. पोराने बाल्झाकच्या फोटोपुढे मेणबत्ती लावलेली असते, तिने पडदा पेटतो, बाप भडकतो, आणि आई म्हणते, चला, सिनेमाला जाऊ. परतताना तिघंही मोटारीत खिदळत असतात. बापाचा राग केव्हाच गेलेला. सूडच घ्यायचा असता तर ही रात्र ठेवायची गरज नव्हती.

१९६८ साली त्रुफो पुढचा सिनेमा करत होता. त्यात मोठा झालेला आंत्वान एका गुप्तहेर संस्थेत नोकरीला लागतो. त्या निमित्ताने त्रुफोची अशाच एका खऱ्या संस्थेशी गाठ पडली, आणि आपला खरा बाप शोधायचं काम त्याने तिला दिलं. बाप सापडला. फ्रान्सच्या पूर्वेला बेल्फोर शहरात दंतवैद्य होता. आणि ज्यू होता. म्हणजे पोरगा वर्गात उभा राहून ती थाप मारत होता त्या दिवसांत, जर्मनांनी खरंच उचलून न्यावा असा बाप त्याला होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

त्याच वर्षी त्याची आई वारली. त्या दंतवैद्याला मात्र त्रुफो कधीच भेटला नाही.