बिऱ्हाडकरूंचा इतिहास

राजांच्या बखरी झाल्या, किल्ल्यांचे इतिहास झाले. परंतु दुसऱ्याच्या छपराखाली संसार मांडणाऱ्याचा इतिहास लिहावा असे फारसे कोणास वाटले नाही. घरमालकाचे नाव नगरपालिकेच्या दप्तरात राहते. बिऱ्हाडकरू मात्र आला तसा निघून जातो. निदान आमच्या वऱ्हाडापुरता तरी हा धागा हाती धरून पाहावा, असे मनात आले.

माझे गाव पातूर. अकोल्याहून वाशीमच्या वाटेवर सुमारे वीस मैल. जुन्या काळी त्याला पातूर शेख बाबू म्हणत. शेख बाबूंचा दर्गा, नानासाहेब महाराजांचे मंदिर आणि टेकडीतील कोरीव लेणी ही गावाची ओळख. येथे माणसे बहुधा वाडवडिलांच्या मातीच्या घरांतच राहत. भाडे म्हटले की आम्हांस आधी बैलगाडीचे आठवे.

भाड्याची खोली वऱ्हाडात आली ती कापसामागून. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१–६५) आमच्या कापसाला भलताच भाव आला. त्याच दशकात आगगाडी अकोल्यास पोचली. पुढे जिन-प्रेस उभे राहिले. कारकून, अडत्ये, हमाल शहरात लोटले. माणसे भराभर आली, घरे त्या वेगाने कशी येणार? दुसऱ्या महायुद्धाने टंचाई वाढवली. फाळणीनंतर निर्वासित आले. अकोल्याचा सिंधी कॅम्प त्या दिवसांची खूण आहे.

मुंबईत भाडेनियंत्रण १९१८ सालीच आले होते. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४६ साली कायदा केला आणि त्याखाली १९४९ चा हुकूम निघाला. रेंट कंट्रोलरच्या लेखी परवानगीवाचून मालकास घर सोडण्याची नोटीस देता येईना. घर रिकामे झाले की कलेक्टरास कळवायचे. सरकारी नोकरास किंवा निर्वासितास ते देण्याचा अधिकार त्यांच्याकडे. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला. हा हुकूम मात्र २००० सालापर्यंत टिकला.

मी १९७४ साली अकोल्यास शिकावयास गेलो तो त्याच्याच छायेत. महिना अठरा रुपयांची खोली मिळाली. पावती मागितली तर मालक म्हणाले, "पावती कायले पाह्यजे बावा? आमचा शबूद हाये नं!" वर्षभराने तो शब्द फिरला आणि आठ दिवसांत वळकटी उचलावी लागली. कायदा माझ्या बाजूचा होता. पण मी तेथे राहत होतो हे सांगणारा चिटोराही माझ्यापाशी नव्हता.

मालकांचीही बाजू होती. भाडे वाढेना, खटला संपेना. मग कौलांची डागडुजी थांबे, आणि भाडेकरू ठेवण्यापेक्षा कुलूप बरे वाटे. मुंबईच्या कायद्यातले वर्षानुवर्षे गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अन्यायाचे झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. त्यानंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने मालकास दरसाल ४ टक्के वाढ दिली. पण मला मोलाचे वाटते ते त्याचे ५५ वे कलम. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे.

केंद्राने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असे आहे. राज्याने स्वीकारले तरच ते लागू होते. पण वाट योग्य आहे.

माझ्या मते एवढ्याने मात्र भागणार नाही. कायदा असलेल्या घरातून माणसाला हुसकू देत नाही. नसलेले घर तो बांधू शकत नाही. शिकणाऱ्या मुलांसाठी, हमालांसाठी आणि हंगामी मजुरांसाठी नगरपालिकांनी माफक भाड्याच्या खोल्या बांधल्या पाहिजेत. त्या होईतो पातूरहून अकोल्यास जाणाऱ्या पोराने वळकटी सोडण्याआधी दोन गोष्टी मागाव्यात: नोंदलेला करार आणि दरमहा पावती. त्या मागण्यात मालकाचा अपमान नाही. हिशेब स्वच्छ राहिला तर त्याचेही भलेच आहे.