मराठीतला ख्रिस्तजन्म

ख्रिस्ती श्रद्धेनुसार नाताळ हा केवळ एका महापुरुषाचा जन्मदिवस नाही. देव स्वतः माणूस झाला, बेथलेहेमात मरियेच्या पोटी जन्मला, उतारशाळेत जागा नव्हती म्हणून गव्हाणीत निजला, हा त्या श्रद्धेचा गाभा आहे. लूकच्या शुभवर्तमानात ही वार्ता आधी रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना कळते. मत्तयात ताऱ्याचा माग काढत पूर्वेकडचे परके ज्ञानी येतात. 25 डिसेंबर ही तारीख मात्र शुभवर्तमानांत नाही. रोममध्ये ती चौथ्या शतकात रूढ झालेली दिसते. गोठ्याचा देखावा त्याहून पुष्कळ नंतरचा. 1223 साली इटलीतील ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस यांनी तो मांडला, तेव्हापासून त्याचा प्रसार वाढला.

मराठीत ही कथा विस्ताराने आणली ती फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. तो 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे रोमी लिपीत छापले गेले. जुनी पुराणे सुटलेल्या नव-ख्रिस्ती श्रोत्यांना ऐकायला काहीतरी हवे होते, म्हणून त्याने ओवी निवडली. जवळपास अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिला जगाच्या निर्मितीपासून चालतो, येशूचे चरित्र दुसऱ्यात येते. त्यामुळे जन्म ही सुटी घटना न राहता जुन्या वचनाची पूर्ती ठरते. ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षकही तारकाच्या जगात येण्याविषयीचेच आहे. श्रोत्यांना अवतार ओळखीचा होता. तिथेच खरी अडचण होती. ख्रिस्ती शिकवणीत देहधारण एकदाच घडते आणि तो देह दिखाऊ नसतो. त्याला भूक लागते, त्याला मरणही येते.

मराठवाड्यात ही कथा पोचली ती वेगळ्या वाटेने. 1843 मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली. तिथल्या मंडळीत अस्पृश्य मानलेल्या जातींतली माणसे बरीच होती. गव्हाणीचा अर्थ पंडितांपेक्षा गावकुसाबाहेरच्या माणसांना लवकर उमगला असणार.

अहमदनगरकडे याच सुमारास ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. टाळ-मृदंगाच्या साथीने पूर्वरंग-उत्तररंगात ख्रिस्तकथा सांगण्याची ही पद्धत गावोगाव चाले, आणि निरक्षर श्रोत्यांसाठी छापील पुस्तकापेक्षा ती अधिक उपयोगी होती. पुढे 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतले. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा थोडेच अध्याय लिहून झाले होते; उरलेला मोठा भाग लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिला.