भाग ४१ : न्यूयॉर्कची ‘डेली’ आणि सँडविचमधला इतिहास

आपल्या पॉडकास्टच्या एकेचाळिसाव्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे थोडं नीटनेटकं करून देतोय. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ शक्य तेवढे काढलेत, सगळे निघालेले नाहीत!

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. न्यूयॉर्कमध्ये चांगलं सँडविच कुठे मिळतं? मी तिथे गेलो तेव्हा माझ्या मावसभावाला हेच विचारलं. तो नदीपलीकडे जर्सी सिटीत राहतो. तो म्हणाला, “डेलीत चल.” मी म्हटलं, “कुठल्या?” तो हसला. कारण त्या शहरात ‘डेली’ लिहिलेली पाटी जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यावर दिसते, आणि दोन पाट्यांच्या आत एकसारखं काही मिळेलच असं नाही. एकीकडे मांसाचा डोंगर रचलेलं सँडविच, दुसरीकडे अंडं-चीज घातलेला पाव, तिसरीकडे चक्क छोले. एकाच शब्दाखाली हे सगळं कसं आलं, हीच आजची गोष्ट.

सुरुवात करू मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडपासून. तिथे हाउस्टन स्ट्रीट आणि लडलो स्ट्रीट जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर कॅट्झेस डेलिकटेसन आहे. (टेक्सासचं ते ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कचा हा हाउस्टन. चुकीचा उच्चार केला की समोरचा लगेच ओळखतो, पाहुणा आहे!) दुकान स्वतःचा जन्म १८८८ सालचा सांगतं. आत शिरताना प्रत्येकाच्या हातात एक तिकीट देतात. काउंटरवर जे घ्याल ते त्यावर लिहितात आणि बाहेर पडताना ते दाखवून पैसे द्यायचे. काउंटरमागचा माणूस वाफाळलेल्या मांसाचा तुकडा लाकडी पाटावर घेतो, हाताने सुरी चालवतो आणि एखादी चकती चाखायला पुढे करतो. मावसभावाने ती घेतली. मी गोमांस खात नाही, म्हणून मी मात्झो बॉलचं सूप आणि बटाट्याची निश घेतली. निश म्हणजे बटाट्याचं सारण भरलेला भाजलेला पुडा. सोबत आंबवलेल्या काकड्या. पोट भरलं, पण डोक्यात प्रश्न राहिला. इतकं मांस, इतक्या जाड थराने, आणि तेही गरिबांच्या वस्तीत? हे आलं कुठून?

आपल्याला वाटतं, युरोपातून ज्यू लोक आले आणि येताना आपलं हे जेवण घेऊन आले. तसं नाहीये. पूर्व युरोपातल्या खेड्यांमधल्या बहुसंख्य ज्यूंना मांस मिळायचं ते शुक्रवारी रात्री, शब्बाथच्या जेवणात, किंवा सणासुदीला. एरवी काळा पाव, बटाटे, कांदा, खारवलेला मासा. त्या खेड्यांत डेली नावाचं दुकानच नव्हतं.

‘डेलिकटेसन’ हा शब्द आला जर्मनांबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हीच लोअर ईस्ट साइड ‘छोटी जर्मनी’ म्हणून ओळखली जायची. जर्मन दुकानदार सॉसेज, हॅम, चीज, लोणची असा तयार माल विकायचे. त्याला ते डेलिकटेसन म्हणत, म्हणजे खास, चविष्ट खाद्यपदार्थ. पुढे जर्मन लोक सुस्थितीत आले आणि उत्तरेकडे सरकू लागले. १५ जून १९०४ रोजी जनरल स्लोकम या बोटीला आग लागली आणि सहलीला निघालेली हजारावर माणसं गेली. त्यात बहुतेक याच वस्तीतल्या बायका-मुलं होती. त्या धक्क्यानंतर उरलेल्यांपैकीही अनेकांनी वस्ती सोडली.

त्यांच्या जागी येत होते ज्यू. १८८१ मध्ये रशियाच्या झारची, दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली. त्यानंतर ज्यूंवर हल्ल्यांची लाट आली. तेव्हापासून १९२४ पर्यंत वीस लाखांहून जास्त ज्यू अमेरिकेत आले आणि त्यातले असंख्य लोक या काही गल्ल्यांत कोंबले गेले. कोंबले गेले, हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. त्या काळी जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांमध्ये तिची गणना व्हायची. दोन-तीन लहान खोल्यांत कुटुंब, त्यातच भाडेकरू आणि त्यातच शिवणकामाचा कारखाना. अशा घरात निवांत स्वयंपाक कोण करणार? तयार अन्न विकणारं दुकान ही चैन नव्हती, गरज होती.

आता कोशरचा नियम आला. ज्यू धर्मनियमांनुसार मांस आणि दूध एकत्र चालत नाही. आपल्याकडे रायगड भागातल्या बेने इस्रायली लोकांनीही हा नियम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. ते मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध घालतात, ते यात अगदी चपखल बसतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे आपल्या नेहमीच्या श्रोत्यांना माहीत असेलच. न्यूयॉर्कमध्ये याच नियमामुळे दुकानांची वाटणी झाली. मांस विकायची ती डेली. मासे आणि दुधाचे पदार्थ विकायची ती ‘अ‍ॅपेटायझिंग’ दुकानं. हाउस्टन स्ट्रीटवरचं रस अँड डॉटर्स हे दुसऱ्या प्रकारचं दुकान १९१४ पासून आहे. मालकाला मुलगे नव्हते, तीन मुली होत्या. त्याने त्यांना भागीदार केलं आणि पाटीवर ‘अँड डॉटर्स’ लिहिलं. पाटीवर ‘अँड सन्स’ लिहायच्या त्या जमान्यात ही साधी गोष्ट नव्हती.

तर मग पस्ट्रामी. तुर्की साम्राज्यात मांस मीठ-मसाला लावून, दाबून, वाळवून टिकवायचे. त्याचं नाव पास्तिर्मा. रुमानियात ते झालं पस्त्रामा, आणि तिथले ज्यू ते बहुधा हंसाच्या मांसाचं करायचे. अमेरिकेत आल्यावर गणित उलटं झालं. इथे हंस महाग आणि गोमांस स्वस्त! शिकागोहून बर्फाने थंड ठेवलेल्या रेल्वेच्या डब्यांतून ते येत होतं. त्यातही प्राण्याच्या छातीचा आणि पोटाखालचा, चरबीचा, चिवट भाग आणखी स्वस्त. म्हणून तोच घेतला. मिठाच्या पाण्यात काही आठवडे मुरवला, मिरी आणि धणे चोळले, धूर दिला आणि शेवटी वाफवून मऊ केला. सलामीच्या चालीवर शेवटी ‘मी’ लागून नाव पस्ट्रामी झालं, असं मानतात. सुसमन व्होल्क नावाच्या खाटकाने एका रुमानियन मित्राची पेटी सांभाळली, त्या बदल्यात मित्राने पाककृती दिली, अशी एक गोष्ट त्याच्या घराण्यात सांगितली जायची. गोष्ट खरी असो वा नसो, व्यवहार मात्र पटणारा आहे. नव्या गावात आलेल्या माणसाकडे द्यायला दुसरं असतं तरी काय?

म्हणजे बघा, जे ‘पारंपरिक’ म्हणून आपण रांग लावून खातो ते युरोपातल्या कुणाच्या आजीने बनवलेलं नव्हतं. तुर्की पद्धत, रुमानियन नाव, जर्मन दुकान, अमेरिकन गोमांस आणि राय धान्याचा पूर्व युरोपी पाव, हे सगळं याच गल्ल्यांत एकत्र आलं. ज्यांना आठवड्यातून एकदा मांस दिसायचं, त्यांना ते आता मंगळवारी दुपारीसुद्धा मिळू लागलं. सँडविच एवढं जाड का, याचं उत्तर मला इथे सापडलं.

आणि ते किती मोलाचं होतं? मे १९०२ मध्ये कोशर गोमांसाचा भाव पौंडाला १२ सेंटांवरून १८ सेंटांवर गेला. मोठ्या मांस कंपन्यांच्या मक्तेदारीला लोक दोष देत होते. खाटकांनी दुकानं बंद ठेवून पाहिली, जमलं नाही. मग बायका रस्त्यावर आल्या. त्यांनी खाटकांच्या दुकानांवर पहारा दिला, विकलेलं मांस लोकांच्या हातातून काढून रस्त्यावर फेकलं, पोलिसांचा मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. सिनगॉगमध्ये पुरुषांच्या प्रार्थनेत उभं राहून बहिष्काराला पाठिंबा मागितला. काही आठवड्यांत भाव १४ सेंटांवर आला. यातल्या बऱ्याच जणींना इंग्रजीही नीट येत नव्हतं.

१९३० च्या दशकापर्यंत शहरात कोशर डेलींची संख्या दीड हजाराच्या आसपास गेली, असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात कॅट्झेसने आपल्या सैन्यातल्या मुलाला सलामी पाठवा, अशी यमक साधणारी जाहिरात केली. मालकांची स्वतःची तीन मुलं सैन्यात होती. ती पाटी अजून लागलेली आहे. नाटकवाल्यांच्या भागात स्टेज आणि कार्नेगीसारख्या डेली नट-विनोदवीरांचे अड्डे झाल्या.

आणि मग उतरण. यात खलनायक कुणीच नाही. युद्धानंतर मुलं शिकली, डॉक्टर-वकील झाली, उपनगरांत गेली. काउंटरमागे बारा तास उभं राहू नये म्हणूनच तर आईबापांनी त्यांना शिकवलं होतं! नवी माणसंही येत नव्हती. १९२४ च्या कायद्याने पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांची संख्या अगदी तुटपुंजी करून टाकली होती. स्टेज डेली २०१२ मध्ये बंद झाली. १९३७ पासून चाललेली कार्नेगी २०१६ च्या शेवटच्या दिवशी. सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली २००६ मध्ये मूळ जागेवरून गेली आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे उघडली. ब्राँक्समध्ये १९५३ पासूनची लीबमन्स टिकून आहे. कॅट्झेस आहे, पण ती कोशर नाही. तिथे मांस-चीज एकत्र असलेलं रूबेन सँडविचही मिळतं.

हे ऐकून मी हळहळलो. मावसभाऊ म्हणाला, “हळहळतोस कशाला? बाहेर ये, दाखवतो.”

बाहेर कोपऱ्याकोपऱ्यांवर ‘डेली’च्या पाट्या होत्याच. पण आता त्या चालवणारे येमेनी आहेत, डॉमिनिकन आहेत. न्यूयॉर्ककर त्यांना बोडेगाही म्हणतात. तापलेल्या लोखंडी तव्यावर अंडं, चीज आणि बेकन, पावात गुंडाळून कामावर जाणाऱ्याच्या हातात. ईस्ट हार्लेमच्या बाजूला ‘चॉप्ड चीज’, म्हणजे खिमा आणि चीज तव्यावरच उलथन्याने एकत्र कुटून पावात भरलेलं. २ फेब्रुवारी २०१७ रोजी, येमेनसह सात देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेशबंदी केल्याच्या निषेधार्थ शहरातल्या हजारेक येमेनी दुकानदारांनी शटर ओढली आणि ब्रुकलिनमध्ये सभा घेतली. चोवीस तास उघडी राहणारी दुकानं त्या दुपारी बंद झाली, तेव्हा शहराला कळलं की आपला नाश्ता कोण बनवतं. मला १९०२ मधल्या त्या बायका आठवल्या.

शेवटी भाऊ मला कॅट्झेसपासून दोन-तीन मिनिटांवर घेऊन गेला. चिंचोळं, चार पायऱ्या उतरून जायचं दुकान. पाटी : पंजाबी ग्रोसरी अँड डेली. १९९४ पासूनचं, सगळं शाकाहारी, टॅक्सीवाल्यांचं लाडकं. छोले, सामोसा, चहा. उभ्याने खायचं. भारतीयांना तर १९१७ पासूनच अमेरिकेचं दार बंद होतं. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाला, जो अमेरिकेच्या सैन्यात नोकरी करून आला होता, नागरिकत्व नाकारलं. ते दार खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या कायद्याने. जर्मनांनी आणलेली ती पाटी ज्यूंच्या हातून अशी पंजाब्यांच्या हाती आली.

तेव्हा, कुठल्याही परक्या शहरात चांगलं, स्वस्त, पोटभर खाणं शोधायचं असेल तर मी आता दोन प्रश्न विचारतो. इथे आधी कोण आलं होतं? आणि आत्ता कोण येतंय? पहिल्याच्या उत्तरात रांग लावायची आणि जरा जास्त पैसे मोजायचे. दुसऱ्याच्या उत्तरात उभ्याने खायचं. दोन्ही चुकवू नका.

तुमच्या ओळखीच्या परक्या गावात अशी जागा असेल तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, नमस्कार.