रुपया संकटाने पडत नाही

कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे या पट्ट्यातल्या लहान कारखानदारांत एक समज पक्का बसला आहे. जगात कुठे युद्ध पेटलं, महामारी आली की रुपया पडणार. धुरळा बसला की पुन्हा चढणार. म्हणून मशिनचं परदेशी देणं असेल तर थांबावं, दर खाली येतोच. हे मत निराधार नाही. 2008 च्या जानेवारीत डॉलर 40 रुपयांच्या आत होता, जागतिक आर्थिक संकटात 2009 च्या मार्चमध्ये 52 च्या आसपास गेला आणि 2010 मध्ये 45 च्या आसपास परतला. मंडळी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतात. पण एकदा घडलं त्याचा नियम होतो का?

11 मार्च 2011. जपानमध्ये भूकंप, त्सुनामी, पाठोपाठ फुकुशिमा. या न्यायाने येन कोसळायला हवा होता. 17 मार्चला डॉलरला जेमतेम 76 येन मिळत होते. महायुद्धानंतर तोवर येन इतका चढा कधीच नव्हता. जपानी विमा कंपन्या भरपाईसाठी परदेशातला पैसा घरी आणतील, या नुसत्या अंदाजावर बाजार येनच्या मागे धावला. दुसऱ्याच दिवशी जी-7 देशांना एकत्र येऊन तो उतरवावा लागला. इथल्या कुणी जपानी सीएनसीचा हप्ता 'आता येन पडेल' म्हणून तो आठवडाभर लांबवला असता, तर त्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता उलट बाजू. 2013 च्या मेमध्ये डॉलर 55 रुपयांच्या आसपास होता, 28 ऑगस्टला 68 च्या पुढे गेला. कोणता प्रलय आला होता? ऑगस्टअखेर सीरियाच्या तणावाने तेल भडकलं, हे मान्य. पण घसरण सुरू झाली ती मेअखेर, अमेरिकी फेडरल रिझर्व्हच्या बर्नान्के यांनी रोखे-खरेदी आवरती घेण्याचं सूचित केल्यावर. त्याआधीच्या वर्षात आपली चालू खात्यातली तूट जीडीपीच्या 4.8 टक्के, म्हणजे विक्रमी होती. कावळा बसला खरा, पण फांदी आधीच किडलेली होती.

आणि कोविड? एवढी मोठी आपत्ती, पण 2020-21 मध्ये चालू खातं चक्क शिलकीत राहिलं. तेल स्वस्त, आयात ठप्प. रिझर्व्ह बँकेने डॉलर खरेदी केले आणि जून 2021 मध्ये परकीय चलनाची गंगाजळी 600 अब्ज डॉलरपार गेली. एप्रिल 2020 मध्ये 76 च्या पुढे गेलेला डॉलर 2021 च्या सुरुवातीला 73 च्या आसपास होता. 2022 च्या युक्रेन युद्धात मात्र तो 75 वरून 83 वर गेला, कारण गरजेचं सुमारे 85 टक्के कच्चं तेल आपण बाहेरून आणतो आणि त्याच वर्षी अमेरिकेत व्याजदर चढत होते. संकटाचा आकार नव्हे, आपली डॉलरची निकड भाव ठरवते.

राहिला 'पुन्हा चढतो' हा भरवसा. 6 जून 1966 रोजी डॉलर 4.76 वरून 7.50 रुपये झाला. 1991 च्या जुलैत पुन्हा अवमूल्यन झालं. 4.76 परत आले का? 2022 आधीचे 75 तरी?

तेव्हा कारखानदार मित्रांनो, युद्धाच्या बातम्यांपेक्षा तेलाचा भाव, अमेरिकी व्याजदर आणि दर शुक्रवारी येणारा गंगाजळीचा आकडा पाहा. देणं डॉलरमध्ये असेल तर ऑर्डर देतानाच बँकेत फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा दर आजच पक्का करणारा करार, बुक करा.