आकाशातील अंतर : भोपाळ ते मुंबई

भोपाळच्या नेहरू नगरातील मराठी कुटुंबाला मुंबई किती दूर आहे असे विचारले, तर ‘विमानाने दीड तास’ असे उत्तर मिळते. उत्तर खरे आहे. परंतु त्याच्या पोटात पुष्कळ गोष्टी दडलेल्या आहेत. दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे 660 किलोमीटर, म्हणजे 410 मैल भरते. इटारसी–भुसावळवरून जाणाऱ्या आगगाडीला तेच सुमारे 840 किलोमीटर पडते. उंचावर ताशी आठशे किलोमीटर कापणाऱ्या विमानाला वस्तुतः पुरता तासही लागू नये. उरलेला वेळ चढण्यात, उतरण्यात आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात जातो.

1737 च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावाने याच भोपाळात निजामाला कोंडले आणि पुढच्याच महिन्यात दोराहा सराई येथे तह झाला. त्या काळी भोपाळहून दक्षिणेचे अंतर घोड्याच्या दमावर मोजले जाई. विजयाची वार्ता झाली तरी जासूद धावेल तितक्याच वेगाने पुण्यास पोहोचे.

त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, नोव्हेंबर 1937 मध्ये, टाटांच्या विमानसेवेने मुंबई–दिल्ली मार्ग सुरू केला. कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा 1932 साली जुहूला उतरले, त्या घटनेला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. नवा मार्ग इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर असा जाई. विमाने लहान, पल्ला बेताचा. तेव्हा थांबत थांबत जाणे भागच होते. पण हे थांबे कोणते, ते पाहण्याजोगे आहे. एक होळकरांची राजधानी, एक शिंद्यांची आणि मधली नवाबांची. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हे बाजीरावाच्याच हाताखाली वाढलेले सरदार; आणि भोपाळ तर त्याच्या विजयाची रणभूमी. घोडदळाच्या मुलखातूनच टपालाच्या थैल्या उडू लागल्या! भोपाळची राजकन्या आबिदा सुलतान पुढे स्वतः वैमानिक झाली, हेही येथे सांगण्यासारखे आहे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. तेव्हा तेथील कचेऱ्यांतील अनेक मराठी माणसांना बिऱ्हाड हलवावे लागले. गंमत अशी, की 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील टपाल विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. असे मध्यवर्ती शहर सोडून ही मंडळी भोपाळला आली. आकाशातून नागपूर अवघे तीनशे किलोमीटर. पण कारकुनाच्या पगाराला विमान परवडणारे नव्हते. घरून आजारपणाची तार आली, की इटारसीवरून 390 किलोमीटरांचा आगगाडीचा प्रवास करावा लागे. वाटेतल्या त्या घटका कोणत्याही वेळापत्रकात मोजलेल्या नसत.

आज भाडे पुष्कळांच्या आवाक्यात आले आहे. पण दीड तासाचा हिशेब विमानाच्या दारापासून सुरू होतो, घराच्या नव्हे. नेहरू नगरापासून विमानतळ सरळ रेषेत सुमारे दहा किलोमीटर. मात्र मध्ये मोठा तलाव पसरलेला आहे, आणि त्याच्या काठाने लालघाटीवरून वळसा घालावाच लागतो. हा तलाव राजा भोजाने बांधला अशी परंपरा आहे. विमानतळालाही नाव त्याचेच.