हजारी तेवीस

स्वच्छ सर्वेक्षणामुळे शहरांची क्रमवारी आता आपल्या ओळखीची झाली आहे. पण गावांचा कारभार आकड्याने जोखायचा आणि तो आकडा शेजारच्या गावाशी ताडून पाहायचा, ही रीत इंग्लंडात १८४८ सालीच कायद्यात आली. त्या वर्षीच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने लंडनमध्ये मध्यवर्ती आरोग्य मंडळ नेमलं. एखाद्या गावच्या एक दशांश करदात्यांनी अर्ज केला, तर मंडळ तिथे निरीक्षक धाडू शके. आणि सात वर्षांच्या सरासरीने मृत्युदर हजारी २३च्या वर गेला, तर कुणी अर्ज करण्याचीही वाट पाहावी लागत नसे. या तुलनेला वजन आलं ते मोजणारा हात वेगळा होता म्हणून. १८३७पासून मृत्यूंची नोंद सरकारी निबंधक ठेवत होते, आणि ज्याच्या गटारांबद्दल प्रश्न होता त्या नगरमंडळाला त्या वहीत खाडाखोड करता येत नव्हती.

आधीचं माप इतकं भक्कम नव्हतं. आरोग्यसुधारक एडविन चॅडविकने १८४२च्या प्रसिद्ध अहवालात मृत्यूसमयीचं सरासरी वय वापरलं होतं. लिव्हरपूलमध्ये उच्चवर्गीयांचं ३५, व्यापाऱ्यांचं २२, मजुरांचं अवघं १५. आकडे हादरवणारे खरे. पण जिथे लहान मुलं जास्त तिथे हे सरासरी वय आपोआप खाली येतं, मग गाव कितीही निरोगी असो. नीसन या विमागणितज्ज्ञाने १८४४मध्ये हा दोष उघड केला. तरीही १८५०मध्ये तिथले धर्मगुरू पॅट्रिक ब्राँटे आणि गावकऱ्यांच्या अर्जावरून हॉवर्थ गावी आलेल्या बॅबेज या निरीक्षकाने तेच माप पुन्हा लावलं: २५.८ वर्षं. त्याच अहवालात त्याने शेकडा ४१.६ मुलं सहा वर्षांची होण्याआधी दगावतात हे मांडलं, दहा वर्षांत एकाच दफनभूमीत पुरलेल्या १,३४४ जणांची नोंद केली, आणि अनेक घरांना मिळून एकच संडास असल्याचं लिहिलं. माझ्या मते या अहवालाचं खरं बळ या बारीक तपशिलांत आहे, त्या सरासरी वयात नाही.

निबंधक कार्यालयातल्या विल्यम फारने पुढचं पाऊल टाकलं. इंग्लंडातल्याच ६३ जिल्ह्यांत मृत्युदर हजारी १७च्या आसपास आहे, हे त्याने दाखवलं. त्याहून वर जो दर जाईल, ते मरण टाळता येण्याजोगं होतं, असा त्याचा दावा. कुणा विद्वानाच्या कल्पनेतलं आदर्श गाव त्याने पुढे केलं नाही; आपल्याच देशात, त्याच काळात राहणारी माणसं इतकी कमी मरतात, तर तुमच्याकडे का नाही, एवढंच विचारलं. त्याला ‘आमच्याकडे हे शक्यच नाही’ असं उत्तर देणं अवघड होतं.

नगरपित्यांनी हरकती घेतल्याच, आणि त्यातल्या काही रास्त होत्या. मोठं इस्पितळ असलेल्या शहरात बाहेरगावचे रुग्ण येऊन मरत आणि दोष शहराच्या माथी बसे. म्हातारी माणसं जास्त असलेल्या गावाचा दर फुगे, तरण्या मजुरांनी भरलेल्या गावाचा घटे. पण या हरकतींनी तुलना मोडीत निघाली नाही, उलट सुधारली. १८८०च्या दशकात वयोगटांनुसार दुरुस्त केलेले दर छापले जाऊ लागले आणि १९११पासून मृत्यू माणसाच्या राहत्या गावाच्या खात्यावर धरला जाऊ लागला. आकडे छापील आणि सर्वांपुढे होते, म्हणूनच त्यांच्याशी भांडता आलं. केवळ आकड्यांनी गटारं बांधली गेली असं मात्र म्हणता येणार नाही. करवाढीला घरमालकांचा विरोध चिवट होता आणि मध्यवर्ती मंडळ स्वतः १८५८मध्ये बरखास्त झालं.

आपल्याकडे २००८मध्ये केंद्राने पाणी, मलनिःसारण, घनकचरा आणि पावसाळी गटारं या चार सेवांसाठी एका पुस्तिकेत २८ निर्देशांक ठरवले. पाण्याचं मानक माणशी रोज १३५ लिटर. तेराव्या वित्त आयोगाने कामगिरी अनुदानासाठी ही उद्दिष्टं राजपत्रात छापण्याची अट घातली. यातले बहुतेक आकडे मात्र नगरपालिकाच पुरवतात. किती पाणी सोडलं हे पंप किती तास चालला यावरून काढलेलं, की मीटरवर वाचलेलं, यात फार अंतर आहे. त्या पुस्तिकेत प्रत्येक आकड्याला ‘अ’ ते ‘ड’ अशी विश्वासार्हतेची श्रेणी द्यायची तरतूद आहे. नागरिकांनी क्रमांकाआधी ती श्रेणी मागायला हवी.